दूध सगळ्यांना पचतं का?

साहेब, तुम्ही मला पहिला नंबर दिलात आणि मला वाचलंच नाहीत. नाही म्हणू नका. मी तिथेच होतो, तुमच्या पोटापासून वीतभर अंतरावर. तुमच्या खिशातली दोन पेनं मी मोजली. तुमचे डोळे माझ्यावर नव्हतेच, ते फोटोवाल्याला शोधत होते. चार मिनिटं तुम्ही माझ्यासमोर उभे राहिलात, आणि त्या चार मिनिटांत तुम्ही जे केलंत त्यामुळे एक सात वर्षांची मुलगी आज घरी बसली आहे. तुम्हाला ते माहीतसुद्धा नाही. म्हणून हे सगळं सांगतोय.

मित्रांनो, मी एक जुना विज्ञान प्रकल्प आहे. हसू नका. शाळेत प्रकल्प जुना व्हायला वर्षं लागत नाहीत. प्रदर्शन संपलं, पाहुण्यांचे कप उचलले, की दुसऱ्या दिवशी तो जुना. माझा जन्म दोन हजार सातच्या डिसेंबरातला. आता मार्च चालू आहे आणि मी शाळेच्या सामानाच्या खोलीत, फिनेलचे कॅन आणि मोडक्या बाकांच्या मागे उभा आहे. थर्माकोलचे दोन मोठे तक्ते, मधे चिकटपट्टीचं बिजागर, पुस्तकासारखा उघडतो आणि मिटतो. डाव्या बाजूला पोटाचं चित्र. उजव्या बाजूला काचेच्या दोन नळ्या अडकवायची जागा. वर लाल स्केचपेनाने माझं नाव : 'दूध सगळ्यांना पचतं का?'

मला बनवलं रसिकाने. ती आठवीत आहे. भाईंदर पूर्वेला, नवघरच्या एका चाळीत राहते. एक खोली, चार माणसं. वडील उत्तम, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश मारतात. संध्याकाळी घरी येतात तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळीतसुद्धा काळं साचलेलं असतं. आई नीलिमा, घरी बसून खोट्या दागिन्यांचे मणी ओवते. दोघं मूळचे संगमेश्वरकडचे. चौथी शालू, रसिकाची धाकटी बहीण, त्याच शाळेत दुसरीत.

सगळं शालूच्या पोटापासून सुरू झालं.

त्या वर्षी जूनमध्ये एका संस्थेने शाळेला दूध द्यायला सुरुवात केली. आधीच सांगतो, दुधाशी माझं वैर नाही. ज्याला पचतं त्याच्यासाठी ते चांगलंच. वैर आहे ते पाजण्याच्या पद्धतीशी. प्रार्थना झाली की मैदानात रांगा. प्रत्येकाच्या हातात घरून आणलेला स्टीलचा ग्लास. दूध प्यायचं आणि ग्लास डोक्यावर पालथा धरायचा. केसांवर थेंब पडला तर परत रांगेत. मुख्याध्यापिका मनोरमाबाई पायरीवर उभ्या राहून बघायच्या. चारशे ग्लास चारशे डोक्यांवर चमकले की म्हणायच्या, "शाब्बास!" आणि मगच वर्गात सोडायच्या.

पोरं काही कमी नव्हती. शालूच्या वर्गातला पिंटू शेवटचा घोट गालात धरून ग्लास पालथा करायचा आणि जाता जाता जास्वंदीच्या कुंडीत पिचकारी मारायचा. महिन्याभरात जास्वंद मेली. बागेची देखभाल नीट होत नाही म्हणून माळ्याला बोलणी बसली.

शालूला हे जमलं नाही. ती साधी. सांगितलं की पिणारी. पाऊण तासाने तिच्या पोटात गुरगुर सुरू व्हायची. पोट टम्म फुगायचं, मग कळ, मग जुलाब. आणि संडासाला कुलूप. शाळेला पाणी एक दिवस यायचं, दोन दिवस नाही, टँकरवर सगळा कारभार. म्हणून संडास फक्त मधल्या सुट्टीत उघडायचे असा मनोरमाबाईंचा नियम. चावी धर्माजी शिपायाच्या खाकी खिशात. धर्माजी काशीगावचा, जुना माणूस. पोरं गेली की म्हणायचा, "पानी न्हाय, तं कुलूप हाय. सुट्टीत या." दुष्ट नव्हता तो. टँकर आला की बादल्या त्यालाच वाहाव्या लागायच्या.

आता तुम्हीच हिशेब करा. दूध साडेसातला. कळ सव्वाआठला. कुलूप उघडणार दहाला.

शालूने किती दिवस दम धरला, ते तिलाच ठाऊक. दोनदा तिला धरवलं नाही. बाकावरच झालं. वर्गाने तिला नाव ठेवलं, 'टँकर'. ती वर्गात शिरली की मागच्या बाकावरून कोणीतरी हॉर्नचा आवाज काढायचं. वर्गाच्या बाई म्हणायच्या, "दुधाचं नाव काढलं की हिची नाटकं सुरू." नाटक करणारं पोर स्वतःच्या फ्रॉकमध्ये घाण करेल का, हा साधा प्रश्न बाईंना पडला नाही.

घरी तर आणखी उलटं. पोर वाळत चालली, गालफडं बसली, म्हणून आईने काय केलं? रात्री झोपताना आणखी एक ग्लास दूध सुरू केलं. हळद घालून. प्रेमाने. नजर काढली, जंताचं औषध दिलं, ताईत बांधला, आणि या सगळ्यावर दूध. शालू नको म्हणाली की आई म्हणायची, "पी गो बाय, अंगाला लागेल." सकाळी शाळेचं, रात्री आईचं. दोन्हीकडून मार. फक्त दही-भात आणि ताक असलं की पोर बरी असायची. पण ताकाने कुणी बाळसं धरतं का, म्हणून आई ते बंद करायची.

मग डिसेंबरात विज्ञान प्रदर्शन जाहीर झालं. आठवीच्या विज्ञानाच्या काशीनाथ सरांनी वर्गात विचारलं, कोण काय करणार. तीन जणांनी ज्वालामुखी सांगितला, चौघांनी पवनचक्की. रसिका वहीची मागची पानं चाळत होती. सरांनी विकरांचा धडा शिकवताना एक वाक्य सांगितलं होतं, तेच तिच्या डोक्यात अडकलं होतं. काही जणांच्या आतड्यात दुधाची साखर फोडणारं विकर कमी तयार होतं, त्यांना दूध पचत नाही. सर हे सांगून पुढच्या मुद्द्याकडे गेले होते. रसिका नाही गेली. ती म्हणाली, "सर, मी दूध करते."

"दूध? त्यात काय दाखवणार?"

"शालू खोटं बोलत नाही, ते."

सरांनी वहीत तिचं नाव लिहिलं. मग म्हणाले, "कर."

असा मी जन्माला आलो. चाळीतल्या खोलीत, कॉटच्या खाली, वर्तमानपत्रावर. मला कापायला भाजीची सुरी वापरली. थर्माकोल कापताना जो करकर आवाज होतो तो शालूला आवडायचा. ती शेजारी बसून माझे पांढरे कण फुंकून उडवायची. माझ्या अंगावर विज्ञान आलं ते आईच्या मण्यांनी. रसिकाने एक पांढरा मणी आणि एक लाल मणी दोऱ्याने जोडून माझ्यावर चिकटवले. ही दुधातली साखर, दुग्धशर्करा. दोन मणी जोडलेले आहेत तोवर शरीर ती घेत नाही. लहान आतड्यात एक कात्री असते, तेच सरांचं विकर, नाव लॅक्टेज. ती दोरा कापते, मणी सुटे होतात, रक्तात जातात, ताकद मिळते. तान्ह्या बाळाकडे ही कात्री भरपूर असते. वय वाढतं तशी पुष्कळ माणसांची ती कमी होते. मग जोडलेले मणी तसेच पुढे मोठ्या आतड्यात जातात. तिथले जंतू त्यांच्यावर ताव मारतात, वायू होतो, पाणी सुटतं, कळ येते. दह्यात जंतूंनी थोडी साखर आधीच खाल्लेली असते, म्हणून ते अनेकांना सोसतं. त्यात पोराचा काही गुन्हा नाही, आईचा तर नाहीच.

हे लिहिणं सोपं होतं, दाखवायचं कसं? सरांनी युक्ती सांगितली. दुधाची साखर फुटली की तिच्यातून ग्लुकोज सुटतं, आणि ग्लुकोज ओळखणाऱ्या निळ्या पट्ट्या मिळतात, ग्लुकोज लागलं की त्या हिरव्या होतात. शेजारच्या खोलीत पंढरीनाथ काका, त्यांना मधुमेह. रसिका त्यांच्या दारात गेली.

"काका, तुमच्या साखरेच्या पट्ट्या द्या ना चार."

"का गं? तुला डायबेटिस झाला या वयात?"

"नाही, दुधात बुडवायच्यात."

"अगं ए, त्या लघवीत बुडवतात!" काका हसून हसून खोकायला लागले. "आमचा दूधवाला चोर आहे हे मान्य, पण इतका संशय?"

पण चारही पट्ट्या दिल्या.

लॅक्टेजचे थेंब मेडिकलमध्ये मिळाले. तान्ह्या बाळांच्या पोटदुखीवर देतात ते. दुकानदाराने विचारलं, "बच्चा कितने महिने का है?" रसिका म्हणाली, "चौऱ्याऐंशी." त्याने चष्म्यावरून बघितलं आणि बाटली दिली.

पहिला प्रयोग फसला. दुधाला तीनदा उकळी आल्याशिवाय आई कुणाला हात लावू देत नाही. तिने भांडं उतरवलं आणि रसिकाने त्या वाफाळत्या दुधातच थेंब टाकले. अर्धा तास सगळे भांड्याभोवती. पट्टी बुडवली, निळी. साध्या दुधातलीही निळी. काही फरक नाही. आई म्हणाली, "बघितलंस? दुधात दोष नाही. पोरीच्याच अंगात खोड आहे." शालू कॉटच्या कोपऱ्यात सरकली. रसिका त्या रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "उकळत्या दुधात टाकलंस? अगं, विकर म्हणजे काय साबुदाणा आहे का? मेलं ते. कोमट दूध घे, बाळाला देतो तसं."

दोनच पट्ट्या उरल्या होत्या. संध्याकाळी रसिकाने दूध निवत ठेवलं. मनगटावर थेंब टाकून बघितला, तान्ह्या पोराचं बघतात तसा. थेंब घातले. अर्धा तास. वडील कामावरून आले ते हात न धुताच उभे राहिले. साध्या दुधातली पट्टी निळीच राहिली. दुसरी पट्टी बुडवली आणि ती आमच्या डोळ्यांदेखत हिरवी होत गेली. आधी कडेला, मग पूर्ण.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आईने ती हिरवी पट्टी हातात घेतली, दिव्यापाशी नेली, परत आणली. मग खाली बसली.

"मी रात्रीचंही पाजत होते गो तिला," ती म्हणाली. "हळद घालून."

शालू उठून आईच्या मांडीवर जाऊन बसली. वडील मोरीकडे वळले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

त्या दोन पट्ट्या माझ्या उजव्या बाजूला चिकटवल्या गेल्या. मित्रांनो, मला दुसरा काही दागिना नाही.

मग रसिकाने मधल्या सुट्टीत दुसरीच्या दोन्ही तुकड्यांत जाऊन विचारलं, शाळेचं दूध प्यायल्यावर कुणाचं पोट दुखतं? पहिला हात पिंटूने वर केला. मग एकेक. त्रेसष्ट मुलांत अकरा. तिने नावं लिहिली नाहीत. माझ्या मधोमध अकरा गोल चेहरे काढले, तोंड वाकडं केलेले, आणि खाली लिहिलं : 'ही मुले नाटक करत नाहीत.'

आई शाळेत जाऊन आली. दुसरीच्या बाईंनी मनोरमाबाईंकडे बोट दाखवलं. मनोरमाबाई म्हणाल्या, "प्रदर्शन होऊ दे, मग बघू. शिक्षण खात्याचे साहेब येणारेत." रसिकाने त्यावरून स्वतःच ठरवून टाकलं की साहेब येतील, मला वाचतील आणि शालूची सुटका करतील. ती शालूला म्हणायची, "शनिवारपर्यंत थांब. साहेबांनी वाचलं की झालं." शालू बोटांवर दिवस मोजायची. मला माझ्या अंगावरच्या ओझ्याची भीती वाटायची. थर्माकोलला एवढं वजन पेलत नाही.

शुक्रवारी दुपारी मनोरमाबाईंनी मला वाचलं. एक गोष्ट कबूल करतो, संपूर्ण शाळेत मला शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारं माणूस त्या एकट्याच. आणि सगळं कळलं म्हणूनच त्या चिडल्या.

"हे अकरा चेहरे कोणाचे? उद्या संस्थेचे लोक येणारेत, त्यांच्यासमोर हे? काशीनाथ सर, झाका ते."

रसिका म्हणाली, "सर, तेच तर महत्त्वाचं आहे."

सर खाली बघून म्हणाले, "रसिका, प्रकल्प ठेवायचा की काढायचा, एवढंच आपल्या हातात आहे."

त्यांनी स्वतःच्या हाताने अकरा चेहऱ्यांवर पिवळा कार्डपेपर चिकटवला. त्यावर मनोरमाबाईंनी सांगितलेली ओळ लिहिली : 'रोज दूध प्या, सुदृढ व्हा.' डिंक जास्त झाला, माझ्यावर ओघळला. सर, तुम्ही चांगले आहात. पण तुम्ही चिकटवलंत. मी ते विसरणार नाही.

शनिवार आला. साहेब, इथून पुढचं तुम्ही पाहिलंय. पण तुम्हाला काही दिसलेलं नाही, म्हणून परत सांगतो.

सभागृहात टेबलं मांडलेली. माझ्यापुढे दोन नळ्या, दुधाचं भांडं, एक ग्लास, थेंबांची बाटली. नळ्या हातात द्यायला शालू उभी होती, दोन वेण्या, पांढरे मोजे, नवी रिबीन. तुम्ही आलात. पिवळा कागद मोठ्याने वाचलात. "रोज दूध प्या! वा, वा. योजना मुलांपर्यंत पोचली म्हणायची."

रसिकाने घाईघाईने सुरुवात केली, "सर, हे पांढरे आणि लाल मणी म्हणजे दुधातली साखर. काही मुलांना ती..."

"छान, छान. फोटोवाले कुठे गेले? अहो, इकडे या. आणि ही छोटी कोण? नाव काय तुझं?"

"शालू."

"दूध पितेस ना शालू?"

शालूने रसिकाकडे बघितलं. उत्तर मनोरमाबाईंनी दिलं, "पिते तर! रोज पिते."

"मग पी बघू. प्रकल्पासमोर. मस्त फोटो येईल."

मनोरमाबाईंनी भांड्यातलं दूध ग्लासात ओतलं. काठोकाठ. रसिकाने थेंबांच्या बाटलीला हात घातला. तिला माहीत होतं की अर्धा तास लागतो, तरी घातला. माणूस बुडताना काहीही धरतो. मनोरमाबाईंनी बाटली तिच्या हातातून काढून घेतली. "साहेबांसमोर दुधात औषध काय टाकतेस?" हळू आवाजात, हसऱ्या तोंडाने.

शालू दूध प्यायली. सगळं. सवयीने ग्लास डोक्यावर पालथा धरला. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. फोटो निघाला. तुमचा हात तिच्या खांद्यावर, पाठीमागे मी. माझ्या डाव्या तक्त्यावर, तुमच्या कोपरापाशी, लिहिलेलं होतं की हे दूध प्यायल्यावर अशा मुलाचं काय होतं. तुमच्या कोपराने ते झाकलं.

तुम्ही पुढच्या टेबलाकडे वळलात तेव्हा रसिकाने तिला विचारलं, "का प्यायलीस गं?"

"तुझा नंबर गेला असता ना, ताई."

मग खुर्च्या, सत्कार, भाषणं. पाऊण तास. पहिला नंबर जाहीर झाला तेव्हा शालूचं पोट फ्रॉकखाली फुगलेलं मला दिसत होतं. ती उठली, दाराशी गेली. धर्माजी चहाचा ट्रे घेऊन येत होता. तिने त्याचा शर्ट ओढला. "चावी."

"थांब गो पोरी, साहेबांचा चहा हाय. आलोच."

तो आलाच नाही असं नाही. आला. चहा देऊन धावत आला. पण पोटाला भाषण कळत नाही. सभागृहाच्या दारात, सगळ्यांच्या समोर झालं. पांढऱ्या मोज्यांपर्यंत. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला आणि मग अख्खं सभागृह ओरडायला लागलं, "टँकर! टँकर!" साहेब, तुम्ही नाकाला रुमाल लावलात आणि शेजारच्याला विचारलंत, "जेवणाची व्यवस्था कुठे आहे?" रसिका प्रमाणपत्र खुर्चीवर टाकून धावली. स्वतःची ओढणी काढून तिने बहिणीच्या कमरेला गुंडाळली आणि तिला उचलून घेऊन गेली. आठवीतली पोर, तिच्याच्याने उचलवत नव्हतं. तरी उचललं.

मला ऑफिसात कपाटावर ठेवलं. शेजारी तो फोटो, फ्रेम करून. म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं.

सोमवारी आई-वडील आले. सोबत गल्लीतल्या डॉक्टरांची चिठ्ठी. या मुलीला दूध देऊ नये.

मनोरमाबाईंनी चिठ्ठी वाचली, घडी घातली, परत दिली. "एकीला सूट दिली की उद्या चारशे चिठ्ठ्या येतील. मग योजना कुणासाठी चालवायची? आणि हे बघा." त्यांनी फोटोकडे बोट केलं. "किती आनंदाने पितेय. हसतेय."

वडील फोटोजवळ गेले. फ्रेमच्या काचेवर बोट ठेवलं.

"बाई, ती हसत नाहीये," ते म्हणाले. "दात आवळलेत तिने. माझी पोर आहे, मला कळतं."

धर्माजी दारातच उभा होता. तो आत आला. "म्याडम, चूक माजी हाय. चावी माज्याकडं व्हती. पोरीची न्हाय."

"धर्माजी, तुम्हाला बोलावलं का कुणी?"

तो गेला. मनोरमाबाई म्हणाल्या, "नियम सगळ्यांना सारखा. रांगेत उभी राहणार असेल तर पाठवा. नाहीतर दाखला घेऊन जा."

आईने हात जोडले. मी जन्मभर मणी ओवणारे ते हात बघितले होते. बोटांना सुईची भोकं. मला तेव्हा कपाटावरून खाली पडावंसं वाटलं, मनोरमाबाईंच्या टेबलावर, उघडून. पण प्रकल्प स्वतःहून उघडत नाही.

शालू त्यानंतर शाळेत आली नाही. नेऊ म्हटलं की कॉटचा पाय धरून ठेवते. दुसऱ्या शाळांनी सांगितलं, मधेच घेत नाही, जूनमध्ये या. जानेवारीत ऑफिसाला रंग काढला, तेव्हा मला इथे आणून टाकलं. फोटो मात्र परत भिंतीवर गेला.

शनिवारी सफाईची पाळी असते, तेव्हा रसिका इथे झाडू घ्यायला येते. दार लोटून माझ्यासमोर दोन मिनिटं बसते आणि सांगते. शालू आता आईसोबत मणी ओवते. बोटं बारीक म्हणून तिचं काम आईपेक्षा भराभर होतं. आई तिचं कौतुक करते आणि मग मोरीत जाऊन रडते. गल्लीत पाण्याचा टँकर आला आणि हॉर्न वाजला की शालू कॉटच्या खाली जाते. दूध घरात येतच नाही, तिचं पोट अगदी बरं आहे. तब्येत सुधारलीय. पण आता ती कुणाशी बोलत नाही. मागच्या शनिवारी रसिका म्हणाली, "मी तुला बनवलंच नसतं तर ती त्या दिवशी तिथे उभीच नसती." मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो की तुझी चूक नाही. तोंड नाही. ती झाडू घेऊन निघून गेली.

रांगा अजून रोज लागतात. अकरातले दहा अजून पितात. पिंटूची दुसरी कुंडी सुरू झालीय.

मित्रांनो, माझ्यासारखे प्रकल्प आपल्या आत्मकथेच्या शेवटी म्हणतात की आम्हाला जपा, धूळ पुसा, फेकू नका. मी नाही म्हणत. माझी धूळ राहू द्या. तुमच्या बाकावर कुणी पोट धरून बसलं असेल तर हॉर्न वाजवू नका. त्याला विचारा, काय होतंय. ते जे सांगेल ते खरं धरून चाला. आणि मोठ्या माणसांना सांगा. त्यांनी ऐकलं नाही तर परत सांगा. एवढंच करा.

आता तुम्ही, साहेब. सात एप्रिलला दुसरीची वार्षिक परीक्षा आहे. शालू बसली नाही तर पुन्हा दुसरीत, आणि रसिकाला भीती आहे की मग ती कधीच कुठल्याच वर्गात बसणार नाही. मी थर्माकोल आहे, मी कुजत नाही, मी इथे पन्नास वर्षं उभा राहू शकतो. सात वर्षांच्या पोरीचं तसं नसतं. तुम्ही एक कागद लिहिलात तर पुरे. ज्याला दूध पचत नाही त्याला पाजू नये, आणि संडासाचं कुलूप काढावं. दोन ओळी. खिशात दोन पेनं घेऊन फिरता, एवढ्या दोन ओळी लिहायला काय जातं? चौकशी करतो, बघतो, कळवतो, हे मला सांगू नका. वाईट वाटलं, हेही सांगू नका. शालूला कोण जाऊन आणणार आणि ती कुठल्या तारखेला वर्गात बसणार, तेवढंच सांगा. नाव आणि तारीख. मी विचारलंय, साहेब. बोला.